विनीतच्या फोटोवरचा हार

बस रे, बस. बॅगेची चेन लागली ना? मग बस जरा. विमान तुझं उद्या, आत्तापासून काय उडायला लागलास? मस्कतला निघालायस, चांगलं आहे, जा. पण त्याआधी मीराबाईची गोष्ट ऐक. तू म्हणशील, ती माहीत आहे मला. नाही माहीत. गॅलरीत जेवढी बोलली गेली तेवढी तुला माहीत आहे. आज पुरी सांगतो. उगाच नाही सांगत, शेवटी तुझ्याकडे एक काम आहे. ते आधी नाही सांगणार. आधी ऐक.

तर मीराबाई. तिसऱ्या माळ्यावर, संडासाच्या उलट्या टोकाला तिची खोली. नवरा मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर होता, तो मिल बंद पडल्यावर खचला आणि गेला. एकच पोरगा, विनीत. त्याचं लग्न झालं, सून आली, सीमा. लग्नाला वर्ष व्हायच्या आत विनीतला मस्कतचं काम लागलं, क्रेनवर. अख्खी चाळ टेम्पो करून एअरपोर्टवर गेली होती त्याला सोडायला. काचेच्या दरवाजापाशी बंदूकवाल्याने सगळ्यांना अडवलं. विनीत आत गेला, ट्रॉली ढकलत, निळा शर्ट, एकदा वळून हात केला आणि गर्दीत मिसळला.

तेवढंच. मीराबाईच्या डोळ्यांपुढचं चित्र तिथेच बंद पडलं. पुढे आत काय असतं, विमानात माणूस बसतो कसा, पाय कुठे ठेवतो, खातो काय, तिला काही ठाऊक नव्हतं. सुरुवातीला फोन यायचे. मग एकदा बोलला, आई, मी दुसऱ्या कंपनीत चाललोय, लांब आहे, तिकडे पोचलो की फोन करतो. तो फोन काही आला नाही. एजंटाच्या ऑफिसला टाळं. अर्ज झाले, खेटे झाले, नगरसेवकाकडे जाऊन झालं. जिवंत आहे म्हणून कोणी सांगेना, मेला म्हणूनही कोणी सांगेना.

आणि बघता बघता बारा वर्षं होत आली. आता बारा वर्षं म्हणजे काय ते तुला सांगायला नको, तरी सांगतो. आपल्याकडे माणूस परागंदा झाला आणि बारा वर्षं त्याचा पत्ता नाही, तर दर्भाचा पुतळा करायचा, त्याला त्या माणसाचं नाव द्यायचं आणि त्याची क्रिया करून मोकळं व्हायचं. गुणाजीने तेच मनात धरलं होतं. गुणाजी म्हणजे मीराबाईचा धाकटा दीर, शेजारच्याच खोलीत राहतो. गणपती झाले की गावाला जाऊन उरकून टाकू, तो बोलला. मीराबाई तांदूळ निवडत होती. मान वर न करता बोलली, "भावजी, जो पुतळा करील त्यानं माझ्या दारात पाय ठेवायचा नाय." विषय संपला.

सीमा तेव्हा मोरीत होती. तिने सगळं ऐकलं. परळला एका लॅबमध्ये ती लोकांना रिपोर्ट द्यायला बसते. दिवसभर लोकांना सांगते, तुमचा आला, तुमचा उद्या येईल. हिचा स्वतःचा काही येईना. सकाळी आरशापुढे उभी राहिली की टिकलीची पाकिटं हातात घेऊन नुसती बघत राहायची. लावली तरी बायका बघायच्या, नाही लावली तरी बघायच्या.

अशात ती सिरियल सुरू झाली. नाव काहीतरी मोठं, शोभेचं होतं, पण चाळीत सगळे तिला 'विमान' म्हणायचे. "विमान लागलं काय गो?" की झालं, सगळ्या बायका हातातलं टाकून आत. एक विमान कंपनी, तिचा म्हातारा मालक, त्याचे भांडणारे दोन मुलगे, एक पायलट आणि हवाईसुंदऱ्यांची मोठी बाई. तिचं काम करायची ती सबीना नावाची नटी, डोळे असे की बाटलीतलं रॉकेल पेटेल. पायलट तर एकदा डोंगरावर आपटून मेला, एकदा समुद्रात बुडून मेला, आणि दोन्ही वेळा परत आला. दुसऱ्यांदा आला तेव्हा शेवंती मावशी बोलली, "ह्येका आता रेशनकार्डावर लिवा, ह्यो काय मरत नाय." हसून हसून बायकांच्या डोळ्यांत पाणी.

मीराबाई हसायची नाही. ती भांडणं बघायची नाही, प्रेम बघायची नाही. विमानाच्या आतला सीन लागला की पुढे सरकून बसायची. पट्टा कसा लावतात, डोक्यावरचं कपाट कसं उघडतं, ट्रेमध्ये काय काय देतात. एकदा हळूच बोलली, "खिडकीकडं बसला असंल तर ढग दिसले असतील त्याला." तेव्हा कुठे बायकांना कळलं ही रोज काय बघते ते. बंद पडलेलं चित्र ती पुढे सरकवत होती रे. रोज थोडं थोडं.

आणि गंमत म्हणजे ते विमान हलवायचा कोण? आपला गुणाजी! पूर्वी तो मंडळाच्या गणपतीचे देखावे उभे करायचा, ते काम सुटलं तसा शूटिंगच्या सेटिंगमध्ये घुसला. एका बंद मिलची शेड अजून उभी आहे, तिथे त्यांनी प्लायवूडचं अर्धं विमान केलेलं. अर्धंच, उभं चिरलेल्या फणसासारखं. उरलेल्या अर्ध्या बाजूला कॅमेरा. सीट भंगारातल्या बसच्या, वर नवं कापड. वादळाचा सीन असला की फळीखाली दोन बांबू घालून गुणाजी आणि दुसरा एक गडी ते गदागदा हलवायचे. चाळीत लोक विचारायचे, "काय गुणाजी, आज वादळ हाय काय?" हा छाती काढून सांगायचा, "आज नाय. उद्या इंजिनाला आग."

मग एक दिवस त्या सिरियलवाल्यांनी खरंच विमान पाडलं. सगळे प्रवासी गेले. आणि पुढच्या सीनमध्ये कंपनीच्या हॉलमध्ये शोकसभा, भिंतभर गेलेल्या प्रवाशांचे फोटो, प्रत्येकाला हार. आता एवढे फोटो आणायचे कुठून? आणि इथे त्या लाईनमधली एक पद्धत आहे, ती समजून घे. नट मेल्याचा सीन झाला, त्याच्या फोटोला हार घातला, की सीन संपल्यावर त्याला कॅमेऱ्यात बघून हसायला लावतात. हसला की अपशकुन मोडला. पण भिंतीवरच्या फोटोतल्या माणसांना हसायला कुठून धरून आणणार? म्हणून तिथे जिवंत माणसाचा फोटो चालतच नाही. युनिटमधला जो तो आपापल्या घरचे खरे गेलेले आणतो. डायरेक्टर रायन, भायखळ्याचा पोरगा, त्याने सुद्धा आपल्या आजोबांचा आणला. आणि गुणाजीला बोलला, "काका, तुमची चाळ मोठी, तुम्ही जरा जास्त आणा."

गुणाजी पिशवी घेऊन चाळीत फिरला. लोक काय खूश! आता पणतू असतील अशा माणसांचे फोटो भिंतीवरनं उतरले, पुसले गेले. पोदार मिलवाले, बॉयलरवाले, बॉबिनवाले, सगळे. जन्मात बीएसटीच्या बसपुढे न गेलेली माणसं विमानाचे प्रवासी होणार होती. मीराबाईने नवऱ्याचा फोटो पदराने पुसून दिला. बोलली, "लिफ्टला भ्यायचे. सांभाळून न्या."

ज्या संध्याकाळी तो भाग लागला त्या संध्याकाळी मीराबाईच्या खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. टीव्ही तिचा मोठा, सीमाने हप्त्यावर घेतलेला. शोकसभा सुरू झाली, सगळे पांढरे कपडे, सबीना डोळे पुसतेय, आणि इथे खोलीत जत्रा. "ते बघ आमचे आबा!" "आईचो फोटो मधे लावलान हां!" "अगो, आमच्या काकांच्या हाराला झेंडू कमी का?" कॅमेरा भिंतीवरनं हळूहळू सरकत होता. मीराबाईचा नवरा आला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीराबाई पण जरा हसली, पहिल्यांदाच.

कॅमेरा पुढे सरकला. बाजूच्या फोटोत विनीत होता.

फेटा बांधलेला, हसणारा, डाव्या भुवईवर लहानपणी जिन्यावरून पडल्याचा वण. गळ्यात ताज्या फुलांचा हार. लग्नातल्या फोटोतून अर्धाच कापून मोठा केलेला फोटो होता तो. एका कडेला त्याच्या खांद्यावर कुणाचा तरी हात राहिलेला, हिरवा चुडा भरलेला.

टाळ्या एकेक करून थांबल्या. कोणी टीव्ही बंद करेना, कोणी जागचं उठेना. जाहिरात लागली, साबणाची, त्यातलं पोर नाचायला लागलं. तेव्हा शेवंती मावशी बोलली, "मीरे, चुकून लागलो असात गो."

मीराबाई रडली नाही. तिने एकच विचारलं, "हे तिकडं दिसतं काय? मस्कतात?"

कोणीतरी बोललं, दिसतं ना, सगळीकडे दिसतं, मोबाईलवर पण दिसतं.

"मग तो बघंल," मीराबाई बोलली. "त्याला वाटंल आईनं हार घातला."

बस. एवढंच तिच्या डोक्यात बसलं. पोरगा कुठल्या तरी खोलीत, दहा परक्या माणसांत बसून टीव्ही बघतोय, आणि समोर आपलाच हार घातलेला फोटो. बापाच्या शेजारी. मग तो कशाला फोन करील? आपल्याला मेलं धरलेल्या घरात माणूस कशाला परत येईल?

गुणाजी घरी आला तेव्हा खोली रिकामी झाली होती, फक्त मीराबाई भिंतीला टेकून बसलेली. सीमा पण कामावरून आली होती, दाराशी उभी.

"भावजी, फोटो कोणी दिला?"

गुणाजीने सीमाकडे बघितलं नाही. मोठा माणूस, तेवढं केलं त्याने. "मीच नेलाय, वैनी."

"जिवंत माणसाचा चालत नाय, तूच सांगायचास."

"बारा वर्षं होत आली. मला वाटलं, इथं टीव्हीत एकदा बघितलास तर... डोळ्यांना सवय होईल."

मीराबाई बोलली, "सकाळी मी येणार तुझ्याबरोबर. तुझ्या विमानात."

आणि गेली. दुसऱ्या दिवशी ठेवणीतलं जरीकाठी लुगडं नेसून, चपला घालून, गुणाजीच्या मागोमाग शेडमध्ये. तिथे रायन कोणावर तरी ओरडत होता. गुणाजीने मान खाली घालून सगळं सांगितलं. मेकअपवाली रश्मी होती तिथे, तिने हातातला ब्रश खाली ठेवला. लाईटवाले थांबले.

रायनने विचारलं, "काका, एकच सांगा. माणूस जिवंत आहे की नाही?"

गुणाजीने वहिनीकडे बघितलं. "माहीत नाय."

"माहीत नाही, मग हार का घातलात?"

रश्मी मधेच रायनला बोलली, "दादा, उतारा झाल्याशिवाय मी आज कोणाच्या तोंडाला रंग लावणार नाही. माझ्या घरी पोरं आहेत."

रायन मीराबाईपाशी येऊन उकिडवा बसला. "मावशी, चूक झाली. फोटो आत्ता काढतो. पण जो भाग दिसला तो दिसला. तो मी कसा पुसू?"

मीराबाई बोलली, "बाबा, तुमच्या त्या पायलटाला तुम्ही दोनदा मारून परत आणलात. माझ्या पोराला एकदा आणा."

शेडमध्ये कोणी हसलं नाही. रायनने तोंडावरून हात फिरवला. भिंत तशीच उभी होती, उद्याच्या सीनसाठी ठेवलेली, त्याच्या आजोबांचा फोटो पण त्यातच. त्याने सबीनाला बोलावलं, काहीतरी कानात सांगितलं. मग मीराबाईला बोलला, "मावशी, करतो. उद्याच्या भागात सबीना भिंतीपाशी येईल, विनीतचा हार काढील आणि म्हणेल, हे प्रवासी वाचले. चालेल?"

सगळ्यांना वाटलं म्हातारी आता पाया पडेल. तिने मान हलवली, नाही म्हणून.

"वाचला म्हणू नका. तुम्हाला काय ठाऊक? मला तरी काय ठाऊक?"

"मग काय म्हणू?"

मीराबाई सबीनाकडे बघून, सावकाश, एकेक शब्द ठेवत बोलली, "यांचं अजून काही कळलेलं नाही. कळेपर्यंत हार घालायचा नाही. असं म्हण, बाळा."

सबीनाने तेच म्हटलं. एका दमात झालं, दुसऱ्यांदा घ्यावं लागलं नाही. हार तिने ओढून नाही काढला, दोन्ही हातांनी, झोपलेल्या माणसाच्या गळ्यातला काढावा तसा काढला.

लाईट लावायची गडबड चालू होती तेव्हा मीराबाई त्या अर्ध्या विमानात गेली. खिडकीकडच्या सीटवर बसली. खिडकीबाहेर निळं कापड ताणलेलं, त्याला एक ठिगळ. पट्टा हातात घेऊन बघितला, टक्कन लावला. सिरियलमध्ये बघून बघून तिला यायला लागला होता. गुणाजी बांबूपाशी उभा होता. तिने त्याला विचारलं, "हलतं काय रे खूप?"

"सुरुवातीला. मग सरळ जातं."

"हलव जरा."

गुणाजीने बांबूला हात घातला आणि हलवलं, अगदी हळू. पाळणा हलवावा तसं. तिने डोळे मिटले. तो हलवत राहिला, ती थांब म्हणेपर्यंत. त्यानंतर गुणाजी गणपतीत गावाला गेला आणि आला, पुतळ्याचं नाव त्याच्या तोंडून आजवर निघालेलं नाही.

तो भाग लागला तेव्हा खोलीत दोघीच होत्या, मीराबाई आणि सीमा. हे मला सीमाने मागाहून सांगितलं. बाकीच्यांनी आपापल्या घरी बघितला, एवढी अक्कल असते चाळीला. हार निघाला. सबीना बोलली. मीराबाईने टीव्हीचा आवाज कमी केला आणि टीव्हीकडेच बघत बोलली, "हिरवा चुडा मी ओळखला."

सीमाने तोंडाला पदर लावला.

"अल्बम तुझ्या ट्रंकेत. भावजीला कुठून मिळणार?"

"आई, मी... मला ते मेले पाहिजेत म्हणून नाही दिला." सीमा हुंदके देत बोलली. "मला फक्त काहीतरी पाहिजे होतं. हे नाहीतर ते. रोज सकाळी टिकलीचं पाकीट घेऊन मी उभी राहते, आई. तुम्ही बघता. बोलत नाही."

मीराबाई उठली. फडताळावरनं टिकलीचं पाकीट आणलं, सुनेच्या मांडीवर ठेवलं. "हे तुझं तू ठरव. लाव नाहीतर टाक. त्याच्या नावानं लावू नकोस, त्याच्या नावानं पुसू नकोस. वाट बघायचं काम माझं. तू सूट यातनं."

"आणि तुम्ही?"

"मी आई आहे. माझं काय, मला दुसरं येतं काय?"

आता सीमा माहीमला राहते, लॅबमधल्या एका मैत्रिणीबरोबर खोली घेऊन. चाळीत बोलणारे बोलले. मीराबाईने गॅलरीत उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, मी पाठवलंय तिला, कोणाला काय पाहिजे? रविवारी येते सीमा, बांगडे घेऊन, दोघी एका ताटात जेवतात. कधी टिकली असते, कधी नसते. म्हातारी बघत पण नाही.

आणि विनीतचा फोटो, तो कापलेला, सीमाच्या हातासकट, टीव्हीवर ठेवलेला आहे. बिनहाराचा. फोन अजून आलेला नाही. सिरियल कधीच संपली, त्या जागी दुसरी लागते, हॉस्पिटलची. मीराबाई ती बघत नाही. पण त्या वेळेला टीव्ही लावते, आवाज बंद करून समोर बसते. लोकांना वाटतं म्हातारीला भ्रम झाला. भ्रम नाही रे. तिला वाटतं, त्या वेळेला तो पण कुठेतरी बसलेला असतो.

म्हणून तुला थांबवला. उद्या तू त्याच काचेच्या दरवाजातून आत जाणार, त्याच गावाला. मोठं गाव आहे, वाळवंट आहे, मला कळतं. शोधत फिर असं मी म्हणत नाही, तुला तुझं काम आहे. पण डोळे उघडे ठेव. खोलीत, मेसमध्ये, कंपनीच्या बसमध्ये. चाळिशी ओलांडलेला, लालबागच्या बोलीचा, डाव्या भुवईवर वण. दिसला तर भांडू नकोस, कुठे होतास विचारू नकोस. आणि नाही दिसला तर म्हातारीला बरं वाटावं म्हणून खोटा निरोप धाडू नकोस, तिला खोटं चालत नाही. दिसला तर एवढंच सांग त्याला, राजा, माझ्यासाठी: आईने हार काढलाय.